नुसत्या पाकोळ्या

"वर जायला न्हाई मिळायचं," हौसाक्का म्हणाली. "माळ्याची किल्ली खराडे सायबांकडं, आन् खराडे सायेब गेल्यात कोल्लापूरला. बसा. च्या टाकतो."

तिकडच्या बायका 'मी टाकतो, मी येतो' असंच बोलतात, हे एव्हाना मला माहीत झालं होतं. कुठल्याही गावात बंद खोलीची किल्ली जागेवर नसते, हेही माहीत झालं होतं. तरी दोन एसट्या बदलून, पाठीवर दुर्बीण, बॅटरी, हातमोजे असलं ओझं घेऊन, जेठाच्या उन्हात स्टँडपासून तंगडतोड करत आल्यावर पहिलंच वाक्य हे कानावर पडलं की डोकं फिरतं. मी वखारीच्या पायरीवर बसकण मारली आणि खराडे साहेबांच्या नावानं बोटं मोडली.

ही बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. गाव वेदगंगेच्या काठचं. नाव सांगत नाही, कारण तिथल्या माणसांकडे माझं अजून जाणंयेणं आहे. वखार तंबाखूची, पण तंबाखू तिथून जाऊन जमाना झाला होता. जाड दगडी भिंती, वर लाकडी माळा, त्यावर कौलं. मालकी नगरपालिकेची. ती पाडून तिथं भाजी मंडई बांधायची होती आणि पैसा येणार होता एका परदेशी बँकेचा. त्या बँकेच्या अटींत एक अट अशी होती, की जुनी इमारत पाडण्याआधी तिच्यात वटवाघळं राहतात का ते बघायचं. राहत असली आणि पिल्लांचे दिवस असले, तर काम दिवाळीपर्यंत थांबवायचं. हे बघायला कोण? तर मी. प्राणिशास्त्र शिकून पुण्याच्या एका संस्थेत नव्यानं लागलेली, मूळ यवतमाळची गावंडे. माझ्या आईनं शेजारणींना मी 'इमारतींच्या तपासणीत' आहे एवढंच सांगून ठेवलं होतं. वटवाघळांचा उल्लेख ती टाळायची, कारण माझं लग्न व्हायचं होतं.

हौसाक्का कुंभार त्या वखारीची भाडेकरू. वय पन्नाशीच्या आसपास, पदर कमरेला खोचलेला, हात कोपरापर्यंत शाडूनं माखलेले. नवरा गेल्यापासून ती आणि तिचा दीर गुंडूभावजी मिळून गणपतीचा कारखाना चालवत होते. खालचा सगळा दालनभर पसारा गणपतींचाच. ओले, करडे, कुणाला सोंड लागलेली, कुणाला लागायची असलेली. भिंतीला टेकवून लाकडी पाट ठेवले होते आणि प्रत्येकावर खडूनं आडनाव लिहिलेलं होतं. तिकडे गणपती ठरवायचा म्हणजे घरचा पाट कुंभाराकडे नेऊन द्यायचा. एकदा पाट दिला की घरातली माणसं निर्धास्त होतात.

"एवढ्या लवकर पाट आले?" मी विचारलं.

"लोकांनीच आणून टाकलेत. वखार पाडणार म्हणून गावात बोभाटा झालाय न्हवं. पाट दिला म्हंजे हौसाक्का कायतरी करंल, आसं वाटतंय त्यास्नी." तिनं कपबशी माझ्या हातात दिली. "चवथीपतोर ऱ्हाऊ द्या म्हणून सगळ्यांच्या पाया पडून झालं. खराडे सायेब म्हणत्यात, पावसाच्या आत पाडायची. आता सांगा, ह्ये गणपती कुठं न्यायचं?"

"घरी नाही नेता येणार?"

"आमच्या घरात आमीच तिरपं झोपतोय. आन् ओला गणपती हलीवला की तडकतोय. वर्साचं पोट हाय वो हे."

मी चहा प्यायले. दुसरं काय करणार? माझं काम गणपतींचं नव्हतं. पण बाईला निदान मी कोण आणि का आलेय हे तरी सांगावं, म्हणून मी बँकेची अट तिला समजावून सांगितली. ती हातातला शाडूचा गोळा तसाच धरून ऐकत राहिली.

"म्हंजे वटवाघूळ असलं तर पाडत न्हाईत?"

"पिल्लांच्या दिवसांत नाही. दिवाळीपर्यंत थांबावं लागतं."

"दिवाळीपतोर!" ती उठलीच. चतुर्थी दिवाळीच्या किती आधी येते हे काही मी तिला सांगायला नको होतं. "आन् तसं ठरीवणार कोन?"

"मी."

"तुमी?" माझ्याकडे तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं. तोवर तिला मी पालिकेची मोजणीवाली वाटत असावे.

"आहेत का वखारीत वटवाघळं?" मी विचारलं.

तिचा चेहरा पडला. खोटं बोलायचं तिच्या तोंडाशी आलं होतं, पण सवय नसावी. "वटवाघळं हितं कुठली? ती सगळी नदीकडंच्या वडावर. माळ्यावर नुसत्या पाकोळ्या हायत. घाण करून ठेवत्यात मेल्या."

मी मान डोलावली. पाकोळ्या जुन्या इमारतींत असायच्याच. वळचणीला घरटी करणारा बिनत्रासाचा पक्षी, आणि बँकेला पक्ष्यांचं काही देणंघेणं नव्हतं.

"केवडी लागत्यात?" हौसाक्कानं विचारलं.

"काय केवढी?"

"वटवाघळं वो. आन् किती? येक असलं तर चालंल?"

सर्वेक्षणाला गेलं की लोक काय काय विचारतात, त्यातलाच हा प्रश्न समजून मी सरळ उत्तर दिलं. "एक असलं तरी मला नोंद करावी लागते."

मग खराडे साहेबांना फोन लावला. पालिकेचे इंजिनियर. ते फोनवर भलतेच खुशीत होते. "म्याडम, वखारीत काय सुदीक न्हाई. मी सांगतो न्हवं? न्हाईत म्हणून लिवा आन् मोकळ्या व्हा. उन्हातान्हात कशाला तरास?"

"न बघता लिहायचं असतं तर पुण्यात बसून लिहिलं असतं," मी म्हणाले. "पुढच्या मंगळवारी येते. किल्ली घेऊन तुम्ही स्वतः हजर राहा. आणि संध्याकाळी अंधार पडेपर्यंत थांबायचं आहे."

"मंगळवारी माझ्या मेव्हण्याच्या पोराचं बारसं हाय."

"दुपारी जेवून या."

त्या दिवशी थांबून संध्याकाळ बघण्याचीही सोय नव्हती, कारण शेवटची एसटी पाचला सुटायची आणि गावात मुक्काम करण्याजोगी एकच लॉज होती, जिचं दारही बघवत नव्हतं. मी परतले. निघताना हौसाक्का वखारीच्या दारात उभी होती. माझ्याकडे नाही, नदीकडच्या वडाकडे बघत होती.

मंगळवारी रात्रीच्या परतीसाठी जीप सांगून ठेवली, स्टँडपासून निघाले आणि वखार लांबूनच दिसली. पांढरीशुभ्र. आमच्या कामात घाण हाच पुरावा असतो. भिंतीवरचे डाग, जमिनीवरच्या लेंड्या, तुळईवरचा तेलकट काळपटपणा यांवरून आम्ही कोण राहतं ते ओळखतो. आणि आपल्याकडे तर साहेब येणार म्हटलं की साहेबाच्या आधी चुना येतो. जवळ गेले तर चुन्याबरोबर गेरूचा पट्टा होता, दाराला आंब्याचं तोरण होतं आणि उंबऱ्यापुढे रांगोळी होती.

"या, या!" हौसाक्का ओवाळायला येते की काय असं मला वाटलं. तिचं लुगडं धुवट होतं आणि चेहरा उजळला होता. "सगळं झाक करून ठेवलंय बगा तुमच्यासाटी. वरसुदीक!"

"वर? किल्ली तर खराडे साहेबांकडे होती!"

"मग?" मागून आवाज आला. खराडे साहेब आले होते. किडकिडीत माणूस, बारशाचा नवा शर्ट, बोटात किल्ल्यांचा जुडगा. "किल्ली माझ्या खिशातनं हललीबी न्हाई. आक्का, तू वर गेलीस कशी?"

"दोन कौलं काडली आन् उतारलो. त्याला किल्ली कशाला लागतीया?"

मी हौसाक्काकडे बघत राहिले. "मग गेल्या खेपेला मला का नाही सांगितलंत?"

"तुमी किल्ली मागिटलासा," ती म्हणाली. "कौलं कुठं मागिटलासा?"

खराड्यांनी कुलूप काढलं आणि मी जिना चढायला लागले. मागून खराडे, मागून हौसाक्का. वर धुराचा आणि ओल्या चुन्याचा असा वास भरला होता की डोळ्यांतून पाणी आलं. माळा देवघरासारखा लख्ख. कोळ्याचं जाळंसुद्धा शिल्लक नव्हतं. जमीन शेणानं सारवलेली. आणि मधल्या तुळईला, बरोबर मध्यावर, एक भलंमोठं वटवाघूळ उलटं लटकत होतं.

झाडावरचं फळखाऊ वटवाघूळ. कोल्ह्यासारखं तोंड, गळ्याशी सोनेरी लव, पंख अंगाभोवती गुंडाळलेले, आणि मोठाले डोळे आमच्याकडे लावलेले. बिचारं भेदरून थरथरत होतं. त्याच्या पायाला सुतळी होती. खाली एका ताटलीत सोललेलं केळं ठेवलं होतं.

"येक हाय," हौसाक्का म्हणाली. "तुमी येक चालंल म्हणालासा."

खराडे साहेब भिंतीला टेकून हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला.

"हे कुठून आणलं?" मी विचारलं.

"आणायचं कुठनं? हितंच ऱ्हातंय. आमच्या सासऱ्याच्या काळापासनं."

"पायाला सुतळी बांधून?"

तिनं सुतळीकडे असं पाहिलं की जणू ती आत्ताच उगवली. "ती व्हय? ती पडू नये म्हणून."

"कोणी पकडलं?"

"गुंडूभावजीनी. वडावर चडून. त्यांच्या बोटाला चावलं जरा, पर हळद लावलीया."

मी खाली धावले. गुंडूभावजी एका गणपतीच्या कानाला आकार देत बसले होते, अंगठ्याला फडकं. त्यांना मी अक्षरशः हाकलून सरकारी दवाखान्यात पिटाळलं आणि कुत्रं चावल्यावर देतात ती इंजेक्शनं घ्या, सगळी घ्या, असं बजावलं. ते मुकाट्यानं गेले. मग वर येऊन हातमोजे चढवले, सुतळी कापली आणि ते धूड कसंबसं खिडकीशी नेऊन सोडलं. भर दुपारी पंख फडकावत ते नदीच्या दिशेनं निघून गेलं.

"गेलं की वो," हौसाक्का म्हणाली.

"हौसाक्का, ते झाडावरचं आहे. त्या जातीची वटवाघळं इमारतीत राहतच नाहीत. हे लहान मुलालासुद्धा कळेल. माझी थट्टा चालवली आहे का तुम्ही?"

"झालं न्हवं?" खराड्यांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. "लिवा आता, आढळली न्हाईत. बारशाची जिलबी गार व्हायलीया."

मला खरोखर लिहून टाकावंसं वाटलं. लिहायचं, पुणं गाठायचं, नोकरीला रामराम ठोकायचा आणि यवतमाळला जाऊन एखाद्या शाळेत बेडकाचं चित्र काढून दाखवायचं. हे काम करायला माणसाच्या अंगी जो धीर लागतो तो माझ्यात नाही, याची त्या क्षणी मला खात्रीच पटली.

हौसाक्काचा मात्र तोल सुटला. "आमी थट्टा करतोय व्हय? सात दिस झोप न्हाई आमाला! तुमी येणार म्हणून राबराब राबलो. त्या मेल्या पाकोळ्यांच्या लेंड्या झाडल्या, पाट्याच्या पाट्या मळ्यात नेऊन टाकल्या. चुना काडला. काल दुपारी मिरच्यांचा धूर करून पाकोळ्या हाकलल्या, आज सकाळच्या पारी आतनं-भाईरनं त्यांची भोकं लिंपली. वटवाघूळ तेवढं नीट दिसावं म्हणून! आन् तुमी म्हणताय थट्टा!"

पेन माझ्या हातातच राहिलं.

लेंड्या. पक्ष्यांच्या घाणीला कुणी लेंड्या म्हणत नाही.

"कसल्या लेंड्या?" मी विचारलं.

"काळ्या. उंदरासारख्या. चुरल्या की भुगा व्हत्यात."

"पाकोळ्यांच्या?"

"मग काय माज्या?"

"हौसाक्का, पाकोळी दिसते कशी? पिसं असतात तिला?"

"पिसं कुठली? कातडं असतंय. उंदराला कातड्याचं पंख लावलं की झाली पाकोळी. दिवसभर फटीत घुसून चिकचिक करत्यात आन् सांच्याला भाईर पडत्यात."

मी सारवलेल्या जमिनीवर मांडी घातली. संताप आला की माझी पुण्यात शिकलेली भाषा पळून जाते. "अवो बाई! त्याले आमच्याकडे चामचिडी म्हणतात! तेच वटवाघूळ! तेच मी शोधून राह्यली! काहून नाही सांगितलं मले?"

"सांगिटलं की!" ती तितक्याच जोरात ओरडली. "पयल्याच दिशी सांगिटलं, नुसत्या पाकोळ्या हायत म्हणून!"

आणि खरंच सांगितलं होतं. माझ्या पुस्तकांत पाकोळी म्हणजे पक्षी. तिच्या गावात वटवाघूळ म्हणजे वडावरचं मोठं, आणि घरातलं लहान ती पाकोळी. दोघीही मराठीच बोलत होतो. एवढ्या मोठ्या भाषेत नेमका हाच शब्द आमच्या वाट्याला यावा! कुणावर चिडावं तेच मला कळेना.

हौसाक्काला मात्र सगळं एका झटक्यात कळलं. "म्हंजे," ती हळू आवाजात म्हणाली, "त्या असत्या तर काम थांबलं असतं?"

"हो."

"दिवाळीपतोर?"

"हो."

ती खाली बसली. ज्या भिंतीला आज सकाळीच तिनं शाडू लिंपला होता, त्याच भिंतीला पाठ टेकून. सात दिवस राबून तिनं आपल्याच हातानं आपला कारखाना पाडायला दिला होता. मला तिचा राग येत होता आणि तिची दयाही येत होती, आणि या दोहोंपैकी एकाचाही काही उपयोग नव्हता.

"आमच्यात ह्ये दोन येगळं मानत्यात बगा," खराडे म्हणाले. "अट वटवाघळाची हाय, पाकोळीची न्हाई. आन् आता तर पाकोळ्याबी न्हाईत. तुमी जे बगितलं तेच लिवायचं न्हवं? मग काय बगितलं? चुना."

मुद्दा बिनतोड होता. मळ्यातल्या लेंड्या आणून दाखवल्या असत्या तर ते उंदराच्या म्हणाले असते. पण त्यांच्या त्या तोंडाकडे बघून माझं डोकं सरकलं. "संध्याकाळची पाहणी झाल्याशिवाय मी सही करत नाही," मी म्हणाले. "अटीत आहे तसं."

"आत कायच न्हाई तर भाईर काय पडणार?"

"ते मी बघेन. तुम्हाला बारशाला जायचं तर जा. सही तुमच्या समोर व्हायला हवी, एवढं मात्र लक्षात ठेवा. उद्या या, परवा या."

खरं सांगायचं तर त्यात शास्त्र कमी आणि हट्ट जास्त होता. खराडे गेले नाहीत. आम्ही तिघं वखारीच्या मागच्या अंगणात, नदीच्या बाजूला बसलो. मला बसायला हौसाक्कानं एक पाट दिला, कुणा चौगुल्यांचा. त्या वेळात ती एकदाच बोलली. "पाट परत द्यायला लागतील," एवढंच म्हणाली. तिला गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते आणि ते मला मुळीच आवडलं नाही. खराडे घड्याळ बघायचे, उसासे टाकायचे, पुन्हा घड्याळ बघायचे.

दिवस मावळला. वखारीची पांढरी भिंत करडी झाली. आमच्या कामात ही वेळ बाहेर पडण्याची. फटीतून एकेक वटवाघूळ निघतं, आणि आपण खाली बसून ते टिपायचं. मी नजर लावून बसले. वळचणीखालून काहीही निघालं नाही. निघणार तरी कसं, सगळी भोकं शाडूनं बुजलेली. मी तरी उठेना.

"म्याडम," खराडे उठत म्हणाले, "बास की आता."

तेवढ्यात नदीकडून एक आली.

मग दोन, मग कितीतरी. लहानशा, काळ्या, वाऱ्यावर उडणाऱ्या राखेसारख्या. या वेळी त्यांनी इमारतीतून नदीकडे जायला हवं होतं, आणि या नदीकडून इमारतीकडे येत होत्या. भिंतीशी यायच्या, वळचणीखाली ताज्या लिंपलेल्या शाडूवर आपटायच्या, खाली घसरायच्या, गिरकी घेऊन पुन्हा तिथंच. पोटं भरायची वेळ टाकून त्या भिंतीला भिडत होत्या. इतकी वर्षं वटवाघळं पाहिली, पण तसं मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

"बघा," मी म्हणाले.

"बगतोय की. पर ह्या नुसत्या येऊन आपटायल्यात," खराडे म्हणाले. पण आवाजात आता दुपारचा जोर नव्हता. "येणं येगळं, ऱ्हाणं येगळं. अटीत ऱ्हात्यात का, आसं इचारलंय."

मी भिंतीशी गेले, दगडाला कान लावला. आतून आवाज येत होता. फार बारीक, सुई घासावी तसा, सतत.

हौसाक्का माझ्या मागोमाग आली. तिनंही कान लावला. तिचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता.

"ह्ये काय?"

"पिल्लं," मी म्हणाले. "उडता येत नाही अजून त्यांना. आया धुरानं बाहेर पळाल्या असतील काल. रात्री परत आल्या असतील पाजायला. आज पहाटे पुन्हा पाणी प्यायला नाहीतर चरायला गेल्या असतील, आणि त्या परतायच्या आत सकाळी तुम्ही—"

पुढचं मी बोलले नाही. ती माझ्याजवळ नव्हतीच. कोपऱ्यातली शिडी तिनं ओढत आणली, भिंतीला लावली आणि लुगडं सावरत चढायलाही लागली. कमरेची कोरणी तिनं काढली. गणपतीचे डोळे कोरायची ती बारीक लोखंडी कोरणी. शाडूला लावली, आणि लगेच थांबली.

"लागंल की पोरास्नी," ती स्वतःशीच म्हणाली. कोरणी तिनं खाली टाकली, ती माझ्या पायाशी येऊन पडली. मग ती नखांनी उकरायला लागली.

"आक्का, उतर! पडशीला!" खराडे ओरडले.

तिनं ऐकलं नाही. सकाळी लिंपलेला शाडू दिवसभराच्या उन्हानं वरून वाळला होता. त्याची ढेकळं खाली पडत होती, खराड्यांच्या नव्या शर्टावर पडत होती. पाकोळ्या तिच्या डोक्याभोवती, खांद्यांवर, केसांत. सात दिवस जिनं त्यांना 'मेल्या' म्हटलं, ती आता अंगावर बसलेलीला झटकतसुद्धा नव्हती. "थांब ग बाई, थांब," एवढंच पुटपुटत होती. पहिली फट मोकळी झाली. एक पाकोळी तिच्या मनगटावरून सरपटत आत शिरली, तिच्यामागून दुसरी, आणि आतला आवाज एकदम वाढला. खराडे साहेबांनी खिशातून आपली बॅटरी काढली आणि उजेड वर धरला. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर चुकवली आणि म्हणाले, "ऱ्हात्यात. लिवा."

पुढचं सगळं रीतसर झालं. काम दिवाळीपर्यंत थांबलं. गुंडूभावजींनी सगळी इंजेक्शनं घेतली. पिल्लं पाऊसपाण्यात मोठी झाली आणि उडून गेली, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्या दारातून चौगुल्यांचा, पाटलांचा, ज्यांचे ज्यांचे पाट आले होते त्या सगळ्यांचा गणपती वाजतगाजत बाहेर पडला. दिवाळीनंतर वखार पडली. तोवर नदीपलीकडे कुंभारांची पत्र्याची शेड उभी राहिली होती. मी नोकरी सोडली नाही. अजून हेच करते, आणि नव्या गावात गेले की आधी विचारते, तुमच्याकडे याला काय म्हणतात.

पण त्या संध्याकाळी यातलं काहीच झालेलं नव्हतं. फक्त 'लिवा' एवढा शब्द झाला होता, आणि तो शिडीवर पोचला नव्हता. मला राहवेना. दिवसभराचा सगळा वैताग, चुना, धूर, केळं, किल्ली, सगळं एकदम बाहेर पडलं आणि मी वर तोंड करून ओरडले, "हौसाक्का! काम थांबलं! चवथीपर्यंत कुणी हात लावत नाही तुमच्या गणपतींना! ऐकलंत का? थांबलं काम!"

ती वळली नाही. तिची बोटं दुसऱ्या फटीत होती आणि नखांतून रक्त येत होतं.

"ते मागनं सांगा," ती म्हणाली. "आदी बत्ती हिकडं धरा."